रुपयांत विकलेले गाव

कुवेतमध्ये तेलाच्या पैशाने जमिनीला पहिली तेजी आली, तेव्हा व्यवहार रुपयांत होत. आपल्याच रुपयांत. कुवेती दिनार आला एप्रिल 1961मध्ये. त्याआधी इथल्या बाजारात भारतीय रुपया चालायचा, आणि 1959पासून रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी छापलेल्या नोटा. हवल्लीतल्या एका ऑफिसात मी वर्षानुवर्षे इमारतींची भाडी, करार आणि दुरुस्त्या बघते आहे, पण ही गोष्ट मला धंद्यात कुणी सांगितली नाही. ती कळली धंद्याचा पार वीट आल्यावर.

त्या तेजीबद्दल आधी सांगते, कारण माझे ऑफिस, माझा पगार, माझा थकवा, सगळ्याची मुळे तिथे आहेत.

30 जून 1946ला कुवेतचे तेल पहिल्यांदा जहाजात चढले. त्या वेळचे कुवेत म्हणजे मातीच्या तटाच्या आत मावणारे, समुद्राकाठचे गाव. तो तट गावकऱ्यांनी 1920 साली, इखवान या वाळवंटी लढवय्यांच्या हल्ल्याच्या भीतीने, स्वतः राबून उभा केला होता. 1951मध्ये मिनोप्रिओ, स्पेन्सली आणि मॅकफार्लेन या ब्रिटिश नगररचनाकारांकडे नव्या शहराचा आराखडा सोपवला गेला. तटाच्या आत रस्ते, कचेऱ्या, बाजार. माणसांनी राहायचे ते बाहेर, शामिया, कादसिया, फैहा अशा नव्या वस्त्यांत. 1957मध्ये तटही पाडला. फक्त वेशी ठेवल्या. त्या अजून उभ्या आहेत, आणि जिथून तट जायचा तिथून आता फर्स्ट रिंग रोड जातो.

घरे रिकामी कशी झाली? त्यासाठी ‘तथमीन’ निघाले. सरकारने तटाच्या आतली घरे बाजारभावाच्या कितीतरी पट दाम मोजून घ्यायची, आणि घरमालकाला बाहेर प्लॉट द्यायचा. हेतू वाईट नव्हता. तेलाचा पैसा घरोघरी पोचवायची ही सगळ्यात सरळ वाट होती. मातीच्या घरात राहणे सुखाचेही नव्हते; गोडे पाणी शत्त-अल-अरब नदीतून होड्या भरून आणावे लागे. चार भिंतींचे एवढे पैसे मिळाल्यावर कोण नाही म्हणेल? पण रस्ता कुठून जाणार हे ज्यांना आधी कळे, ते आधी जमीन धरून ठेवत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक बँकेच्या पथकाने या खरेदीवर टीका केली. साबा जॉर्ज शिबर या पॅलेस्टिनी नगररचनाकाराने तर 1964 साली कुवेतच्या नगररचनेवर जाडजूड ग्रंथच लिहिला. तो इथे नोकरीला होता, आणि जे पाडले जात होते त्याबद्दल जिवाच्या तळमळीने भांडत होता. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून मला तो फार जवळचा वाटतो.

जमीन म्हणजे राहायची जागा हे मागे पडले आणि जमीन म्हणजे भाव हे पुढे आले, ते तेव्हापासून. 1982मध्ये सूक अल-मनाखचा शेअर बाजार पुढच्या तारखांच्या चेकांवर चढला आणि कोसळला, ती याच सवयीची पुढची पायरी होती.

माझे काय झाले, ते थोडक्यात. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकला की एसी बंद पडल्याचे फोन. हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, म्हणतो मेकॅनिक आला नाही, मेकॅनिक म्हणतो पार्ट नाही, भाडेकरू मला ऐकवतो आणि मालक भाडेकरूवरचा राग माझ्यावर काढतो. कोविडनंतर कुटुंबे गावी गेली, फ्लॅट रिकामे राहिले, आणि रिकाम्या फ्लॅटची जबाबदारी आमच्या डोक्यावर आली. नवी इमारत बघायला गेले की खोल्या दिसेनाशा झाल्या. नुसते चौरस मीटर दिसायचे. शुक्रवारी सुट्टी असूनही फोन वाजल्याचा भास व्हायचा. आम्हा भारतीयांना इथे घर विकत घेता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरांच्या किल्ल्या सांभाळायच्या, तर कशासाठी, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

महाराष्ट्र मंडळातले एक काका सत्तरच्या दशकात इथे आलेले. त्यांनी मला एका शुक्रवारी सकाळी समुद्राकाठच्या एका जुन्या घरात नेले आणि म्हणाले, “बाई, जरा वर बघ.”

वर छत होते. मनगटाएवढ्या जाडीच्या, काळपट, थोड्या वाकड्या बल्ल्या हातहातभर अंतराने टाकलेल्या. याला इथे ‘चंदल’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या खाड्यांतले खारफुटीचे लाकूड. त्यावर बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांची तिरकी, चौकटी-चौकटींची वीण. त्यावर बोरूची चटई आणि चटईवर मातीचा थर. बल्ली तीनेक मीटरपेक्षा जास्त पेलत नाही, म्हणून खोलीही तेवढीच रुंद. दाराला सागवान, मलबार किनाऱ्यावरून आलेले. मी अनेक फ्लॅटांची छते तपासली आहेत, गळतीसाठी. खोलीची रुंदी आफ्रिकेतल्या एका झाडाने ठरवलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या दिवसापासून वाचत सुटले. कुवेतची गलबते पावसाळा सरला की बसऱ्याकडचा खजूर भरून कराचीला, मुंबईला, कालिकतला यायची. कुणी तिथून लाकूड घेऊन परतायचे, कुणी पुढे आफ्रिकेला जायचे. अॅलन व्हिलियर्स हा ऑस्ट्रेलियन खलाशी 1938-39मध्ये अली बिन नासिर अल-नजदी या कुवेती नाखव्याच्या ‘बयान’ नावाच्या गलबतावर होता. रुफिजी नदीच्या मुखाशी चिखलात उतरून खलाशी बल्ल्या कशा भरत, हे त्याने डोळ्यांनी पाहून लिहिले आहे. आखाती रस्त्यावरचे डिक्सन हाउसही मी तेव्हाच नीट पाहिले. हॅरॉल्ड डिक्सन 1929 साली इथे पोलिटिकल एजंट म्हणून आला, हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत. त्याची बायको व्हायोलेट तो गेल्यावरही तीसेक वर्षे त्याच घरात राहिली, 1990च्या इराकी आक्रमणापर्यंत. वाळवंटातली रानफुले गोळा करणे हा तिचा ध्यास. एका रानफुलाला तिचे नाव आहे. परक्या देशात, मालकीच्या कागदाशिवाय, एवढे घट्ट मूळ धरता येते, याचा मला खूप आधार वाटला.

नोकरी तीच आहे. फोनही तेवढेच येतात. पण हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी मी मंडळातल्या मुलांना घेऊन वेशी दाखवत फिरते, शामिया वेशीपासून जहरा वेशीपर्यंत, आणि शेवटी त्या जुन्या घराच्या छताखाली नेते. मुले इथेच जन्मली, इथेच वाढली; अठरा झाली की बहुतेकांना कॉलेजसाठी भारतात जावे लागते. आपण कुठून आलो हे त्यांना आजोळी कळते. आपण कुठे वाढलो हे त्यांना कुणी तरी सांगायला हवे, आणि ते काम मला मनापासून आवडते. परवा एका मुलीने बल्ल्या मोजल्या आणि विचारले, खोली याहून मोठी हवी असेल तर? मग दुसरी खोली बांधायची, मी म्हटले, अंगणाच्या पलीकडे.

सध्या मी कागद शोधते आहे. 1923पासून कुवेतच्या टपालावर भारतीय तिकिटेच लागत, वर ‘कुवेत’ छापलेली. गलबतांच्या व्यापारातल्या, पेढ्यांतल्या, टपालातल्या लोकांची पत्रे मुंबईत आणि कोकणात कुणाच्या ट्रंकेत असणारच. अशी पत्रे, पावत्या, हिशेबाच्या वह्या तुमच्या घरी निघाल्या तर रद्दीत घालू नका. मे महिन्यात मी सुट्टीला येते, तेव्हा मला त्या वाचायच्या आहेत.