जसे आहे, जेथे आहे

लिलावाच्या जाहिरातींत एक शब्दप्रयोग हमखास सापडतो : 'जसे आहे, जेथे आहे'. माल जसा पडला आहे तसा आणि जिथे पडला आहे तिथून उचला, नंतर तक्रार ऐकली जाणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या जीपगाड्यांच्या मागे लागून मला आता पंचवीस वर्षे झाली. मी इंजिनिअर नाही, इतिहासाचा पदवीधरही नाही. आरसी बुके, लिलावाच्या पावत्या, चासीवरचे आकडे असे जे हाती लागले ते वहीत उतरवत गेलो. त्यातून माझे एक मत तयार झाले. आपल्याकडची जीप कारखान्यात जेवढी घडली, तेवढीच ती लिलावाच्या आवारात, भंगार बाजारात आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात घडली. आज जुन्या गाड्यांना कायद्याने वारशाचा दर्जा मिळू लागला आहे, आणि नेमकी ही दुसरी घडण तिथे दोष ठरते आहे. हा लेख त्याबद्दल आहे.

जीपचा जन्म घाईतला. १९४०च्या उन्हाळ्यात युरोपात युद्ध पेटलेले असताना अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांकडे हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीची विचारणा केली. नमुना ४९ दिवसांत द्यायचा होता. अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या मदतीने तो सप्टेंबरमध्ये हजर केला. पण कंपनीचा आवाका लहान होता. मोठी कामे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेली. विलीजचे इंजिन सर्वांत दमदार, ६० अश्वशक्तीचे. ते डेल्मर ऊर्फ बार्नी रूस या अभियंत्याने सुधारले होते. फोर्डने विलीजच्याच आराखड्यावर गाड्या बनवल्या आणि युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या.

यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या बाजाराचा पाया ठरली. दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकांना बसत. रणांगणावर एका मोडक्या गाडीचा गिअरबॉक्स दुसरीत घालता यावा म्हणून केलेली ही सोय होती. युद्ध संपल्यावर तीच सोय भंगारवाल्यांच्या कामी आली.

भारतात या गाड्या आल्या त्या ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे. १९४२मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, चीनकडे जाणारा जुना रस्ता तुटला आणि आसामातल्या लेडोपासून नवा रस्ता काढावा लागला. तो १९४५मध्ये खुला झाला. लगेच युद्धही संपले. अमेरिकी सैन्य परत गेले आणि त्याचे बरेच सामान इथेच राहिले. सरकारने ते ताब्यात घेऊन विकायला काढले. मळेवाले, कंत्राटदार, संस्थानिक, शिकारी अशा सगळ्यांनी जीप घेतल्या. नवीन मोटारीची वाट पाहण्यापेक्षा युद्धातून आलेली गाडी स्वस्त पडे.

जुनी जीप न पाहता घेतली तर काय होते, याचा सर्वांत मोठा धडा मात्र एखाद्या भोळ्या गिऱ्हाइकाला नव्हे, खुद्द सरकारला मिळाला. काश्मीरच्या लढाईत सैन्याला जीप हव्या होत्या. १९४८मध्ये लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. बरीचशी रक्कम आगाऊ दिली गेली. प्रत्यक्षात आल्या १५५ गाड्या, आणि त्याही वापरण्याजोग्या नसल्याचा आक्षेप निघाला. प्रकरण संसदेत गाजले. अनंतशयनम अय्यंगार यांच्या समितीने चौकशीची सूचना केली. अखेर ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण संपल्याचे जाहीर केले, आणि फेब्रुवारी १९५६मध्ये मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला आर्थिक घोटाळा म्हणून हे प्रकरण राजकारणाच्या पुस्तकांत येते. जीपच्या बाजारात वावरलेल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. 'दुरुस्त केलेली' हा शब्द तेव्हाही फसवा होता आणि आजही आहे. दुरुस्ती कोणी केली, कधी केली, काय बदलले, हे लिहून ठेवलेले नसेल तर त्या शब्दाला काडीची किंमत नाही.

त्याच सुमारास मुंबईत दुसरी गोष्ट घडत होती. के. सी. महिंद्र युद्धकाळात भारताच्या खरेदी शिष्टमंडळाच्या कामासाठी वॉशिंग्टनमध्ये होते. तिथे त्यांची बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली. १९४५मध्ये त्यांनी बंधू जे. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह कंपनी काढली, ती पोलादाच्या व्यापारासाठी. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. १९४९मध्ये माझगावात अमेरिकेहून सुट्या भागांत आलेल्या विलीज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. या एका नमुन्याने इथे दोन दशकांहून अधिक काळ काढला. लष्कर, पोलीस, वनखाते, गट विकास अधिकारी, कुटुंब नियोजनाची लाल त्रिकोणवाली गाडी, सगळीकडे तीच. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून मागच्या पत्र्यावर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असे रंगवलेले. माझ्या पिढीला सरकार प्रथम दिसले ते याच गाडीतून उतरताना.

या गाड्या सरकारी सेवेतून निवृत्त झाल्या की लिलावात येत. 'जसे आहे, जेथे आहे'. घेणारा बहुधा दलाल असे. तो पाच गाड्यांचा लॉट घेई, त्यातल्या तीन चालत्या करी आणि दोन सुट्या करून विके. म्हणजे एका गाडीची चासी, दुसरीचे इंजिन आणि तिसरीचा पुढचा अॅक्सल घेऊन एक जीप उभी राही. पुष्कळदा पुढचा अॅक्सल राहतच नसे. सडकेवर चारही चाकांना जोर देण्याची गरज काय, उगाच तेल खाते, असा हिशेब. त्यामुळे 'फोर बाय फोर' म्हणून दाखवलेल्या गाडीचा छोटा गिअर नुसताच हलतो आणि पुढची चाके ढिम्म, हा अनुभव जीप घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी घेतलेला असतो.

मी तो १९९९मध्ये घेतला. दौंडकडच्या एका कंत्राटदाराने मला '१९४४ची फोर्ड' विकली. किंमत ५५ हजार. डॅशबोर्डवर पितळी पाटी होती, जाळीला युद्धकाळातल्या नऊ फटी होत्या. पुढे महिंद्रच्या गाड्यांना आल्या त्या सात. मला तेवढे पुरेसे वाटले. खडकीच्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांना सगळे चाचा म्हणत. ते खाली शिरले आणि तिथूनच म्हणाले, "साहेब, हिची पाटी फोर्डची, पण हाडं विलीजची." मग त्यांनी मला हाताने चाचपायला लावले. रेडिएटरच्या खालची आडवी दांडी गोल नळीची असेल तर चासी विलीजची, उलट्या पन्हळीसारखी असेल तर फोर्डची. फोर्ड आपल्या बोल्टांच्या डोक्यावरही इंग्रजी 'एफ' उठवत असे. माझ्या गाडीत दांडी गोल, 'एफ'वाले बोल्ट मोजून सहा, पाटी अलीकडची, आणि बॉनेटखाली ट्रॅक्टरच्या जातीचे इंटरनॅशनल डिझेल इंजिन.

हे इंजिन तिथे कसे आले, याला इतिहास आहे. १९७३नंतर पेट्रोल भडकले. लिटरमागे सात-आठ किलोमीटर देणारी पेट्रोल जीप पोसणे खेड्यातल्या माणसाला अशक्य झाले. ट्रॅक्टरची इंजिने मात्र गावोगाव होती, त्यांचे भाग तालुक्याला मिळत आणि त्यांची नाडी ओळखणारे मिस्त्री होते. कंपनीनेही जीपला डिझेल इंजिन देऊ केले, पण त्याच्या पुढेमागे हजारो गाड्यांवर हे काम गॅरेजांत झाले. इंजिनाची बैठक नव्याने जोडायची, बॉनेट कापायचे, पुढचे पाटे जाड करायचे. दार्जिलिंगजवळ मानेभंज्यांगहून संदकफूला जाणाऱ्या, मळेवाल्यांच्या काळातल्या लँड रोव्हरही अशाच टिकल्या. त्यांच्यातही पुढे महिंद्रची डिझेल इंजिने बसली. लँड रोव्हरचा पहिला नमुना जीपच्या चासीवर बेतला होता, हे लक्षात घेतले तर ते एका परीने घरवापसीसारखेच झाले.

तेव्हा मला यातले काही कळत नव्हते. मला 'ओरिजिनल' जीप हवी होती. मी डिझेल इंजिन काढून भंगारात साडेआठ हजारांना दिले, कुर्ल्याच्या बाजारातून पेट्रोल इंजिन आणले, नवी पितळी पाटी ठोकली. चाचा एवढेच म्हणाले, "चालत होती ती बंद केली, आता बंद आहे ती चालवा." मोठा खर्च करून गाडी प्रदर्शनात उभी केली. तिला बक्षीसही मिळाले. त्या डिझेल इंजिनावर तिने कुठल्या वर्षी, कोणाच्या हातून, किती माल वाहिला, हे विचारायचे राहून गेले. जुन्या मालकाचे निधन झाल्यावर ते विचारण्याची सोयही उरली नाही. संशोधक म्हणवून घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने एक दस्तऐवज वितळवला, असे मी आज त्याला म्हणतो.

आता कायद्याकडे येतो. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. स्वतंत्र नोंदणी, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क. असे नियम हवेच होते. पण त्यातल्या दोन अटी जीपच्या मुळावर येतात. पहिली, पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली हवीत. दुसरी, गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा.

पहिल्या अटीतली गोम लष्करी गाड्यांना कळते. मी पाहिलेल्या एका सीजे-३बीच्या विक्रीपत्रावर गाडीचे साल १९६२ आहे. ती लष्करात राबली, लिलावात निघाली आणि आरटीओत तिची पहिली नोंद झाली १९७९मध्ये. म्हणजे लोखंडाने साठी ओलांडली तरी कागदाने पन्नाशी गाठायला २०२९ उजाडणार. तोवर ती फक्त एक जुनी गाडी. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचे, २०२२पासून वाढलेले शुल्क भरायचे. दुसरी अट तर तिला कायमचीच बाहेर ठेवते, कारण १९८४मध्ये तिच्यात डिझेल इंजिन बसले. रीतसर परवानगीने बसले, आरसी बुकात शिक्क्यासह नोंद आहे, तरीही.

ही जीप पुरंदर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाची. तीन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका संग्राहकाने तिला चांगली किंमत देऊ केली. अट एकच : पेट्रोल इंजिन आणि जुन्या घाटाचे बॉनेट बसवून द्यायचे. घरातले आजोबा मला म्हणाले, "तुम्ही यातले जाणकार. इंजिन काढू का?" याच इंजिनावर त्यांनी अंजीर आणि सीताफळे सासवडच्या बाजारात नेली होती, दोन मुलींची वऱ्हाडे आणली होती आणि एकदा रात्री सर्पदंश झालेल्या शेजाऱ्याला गाठून दवाखान्यात पोचवले होते. मी म्हणालो, "काढू नका, आजोबा." संग्राहकाने व्यवहार मोडला. पुढे जीप जवळच्याच एका रोपवाटिकावाल्याने घेतली, 'जसे आहे' तशी, ७० हजारांनी कमी किमतीला. नातीच्या शिक्षणाचे वर्ष होते. माझ्या सल्ल्याची किंमत त्या घराने मोजली, हे मी विसरलेलो नाही.

म्हणून नुसते हळहळून भागणार नाही. कारखान्यातून निघाली तशी राहिलेली जीप जपलीच पाहिजे. पण ती बहुधा न वापरलेली किंवा श्रीमंताघरची असते. जी राबली ती बदलली, आणि बदलली म्हणून टिकली. तिच्यासाठी वेगळा वर्ग हवा. पन्नास वर्षे नोंदणीच्या तारखेऐवजी पुराव्याने सिद्ध होणाऱ्या उत्पादन सालापासून मोजावीत. जुना, नोंदलेला आणि परवानगीचा बदल दोष न मानता गाडीच्या इतिहासाचा भाग मानावा. सुरक्षेची तपासणी खुशाल कडक ठेवावी, त्याला कोणाची हरकत नसावी.

सरकार करेल तेव्हा करेल. वाचकांपैकी कोणाच्या गोठ्यामागे, चाळीखाली अशी गाडी उभी असेल तर एक काम आजच करता येईल. शंभर पानी वही घ्या. चासीचा आकडा उतरवा. कोणते इंजिन, कोणत्या साली, कोणत्या मिस्त्रींनी बसवले, ते घरातल्या जुन्या माणसाला विचारून लिहा. गाडी विकलीत तर वहीही सोबत द्या. पुरंदरच्या जीपची तशी वही मी करून दिली आहे. तिच्यात पहिल्या पानावर लष्कराचे विक्रीपत्र आहे आणि शेवटची नोंद गेल्या पावसाळ्यातली : 'पुढचा अॅक्सल जोडला. चारही चाके चालू.'