दिनविशेष : १६ ऑगस्ट १९६९
राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आज मतदान झाले. खरी लढत काँग्रेसमध्येच होती. जुलैत बंगळुरूला पक्षाच्या संसदीय मंडळाने ४ विरुद्ध २ मतांनी जगजीवनराम यांच्याऐवजी नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील यांची मते रेड्डींना पडली; इंदिरा गांधी अल्पमतात गेल्या. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले, तेव्हा इंदिराजींच्या गटाला हवे ते निमित्त मिळाले. मतदानाच्या तोंडावर इंदिराजींनी सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले.

याच दोन पक्षांच्या पाठिंब्यावर उभे असलेले तिसरे प्रमुख उमेदवार म्हणजे चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे. २० ऑगस्टच्या मोजणीत पहिल्या पसंतीवर कोणालाच बहुमत मिळाले नाही. देशमुखांच्या १,१२,७६९ मतांतली बहुतेक दुसरी पसंती रेड्डींकडे गेली, तरी थोडी कमीच पडली. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ मतांनी निवडून आले. नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. बंगळुरूला रेड्डींना मत देणारे चव्हाण मात्र इंदिराजींबरोबर राहिले.