कोषांतील निद्रा

मंगलप्रसंगीं वापरलें जाणारें टसराचें वस्त्र आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. आमच्या पूर्व विदर्भांत त्यास कोसा म्हणतात. परंतु तें मुळांत एका सुरवंटानें स्वतःसाठीं विणलेलें पांघरूण होय, याची आठवण क्वचितच होते. उघड्या रानांत सुरवंट हिवाळा कसा काढतात, याचें एक उत्तर त्याच पांघरुणांत आहे.

उत्तर अमेरिकेंतील एक केसाळ सुरवंट हिवाळ्यांत चक्क गोठतो. त्याच्या शरीरांत ग्लिसरीन तयार होत असल्यामुळें पेशींना इजा होत नाहीं व वसंतांत तो पुन्हां चालूं लागतो. गोंदियाकडील टसराच्या सुरवंटाचा मार्ग निराळा. ऐन व अर्जुन यांच्या पाल्यावर तो वाढतो. दिवस लहान होऊं लागले कीं त्याच्या जीवनक्रमास विश्रांतीचा इशारा मिळतो. मग तो फांदीस चिवट देठानें बांधलेला टणक कोष विणतो, आंत त्याचें रूपांतर होतें आणि पुढील वाढ थांबते. पारा कधीं १० अंश सेल्सिअसच्या खालीं जातो. पुढें ऐनाचीं पानें झडतात. मग वैशाखाचें ऊन येतें. हें सर्व तो निद्रेंतच काढतो व पावसाळ्याच्या आरंभीं पतंग होऊन बाहेर पडतो. म्हणजे ही झोंप केवळ थंडीवरचा उपाय नव्हे, उपासमारीवरचाहि आहे.

या पतंगास ड्रुरी या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानें १७७३ मध्यें शास्त्रीय नांव दिलें. रॉक्सबर्ग यांचा त्यावरील लेख १८०४ मध्यें लंडनच्या लिनियन सोसायटीनें छापला, आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनांत वार्डल यांनीं रंगविलेलें टसर युरोपानें पाहिलें. पण या विद्येचे खरे जाणते आमच्याकडील ढीवर बांधव. पूर्वींचा भंडारा जिल्हा, ज्यांतून १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा निराळा झाला, तेथें सुरवंट पाळण्याचें काम त्यांचें आणि विणकाम कोष्ट्यांचें.

या धंद्याचें मर्म त्या निद्रेंतच आहे. अखंड धागा हवा तर आंतील जीव वाफेनें मारावा लागतो; कारण पतंग बाहेर पडला कीं कोषास भोंक पडतें आणि धागा सलग निघत नाहीं. पण सगळेच कोष असे विकले तर पावसाळ्यांत अंडीं कोण घालणार? म्हणून कांहीं कोष बियाण्यासाठीं राखून ठेवावे लागतात, आणि तेहि नेमके पैशाच्या तंगीच्या, उन्हाळ्याच्या दिवसांत. ज्याच्या घरीं धान्य संपत आलें आहे, त्यानें हातांतला कोष न विकतां पावसाची वाट पाहणें, ही लहानशी गोष्ट नव्हे.

अंगावरचें टसर आपण पुढल्या वेळीं हातांत घ्याल, तेव्हां तें विणणाऱ्या कोष्ट्याबरोबर, न विकलेल्या त्या कोषांचें आणि ते राखणाऱ्या माणसांचेंहि स्मरण ठेवावें, इतकीच विनंती.