समुद्रापासून किती दूर, की समुद्राहून किती उंच?

मालवणच्या दक्षिणेस देवबाग आहे. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथल्या घराला पाण्याचा धोका किती, हे कागदावर कसे लिहावे? आजचा धागा त्या कागदाच्या इतिहासाविषयी.

अमेरिकेत १९६८ साली राष्ट्रीय पूरविम्याचा कायदा झाला आणि पुढे घराच्या 'उंचीचा दाखला' रूढ झाला. भूमापक घराच्या सर्वांत खालच्या मजल्याची उंची मोजतो आणि ती पुराच्या ठरावीक पातळीशी ताडून पाहतो. कोणत्याही एका वर्षी पाणी जिथवर चढण्याची शक्यता शंभरात एक असते, ती ही पातळी. या फरकावरून विम्याचा हप्ता ठरे. २०२१ पासून पद्धत बदलली आणि हप्त्यासाठी दाखला सक्तीचा उरला नाही.

पण उंची मोजायची ती कशापासून?

हिंदुस्थानात सर्वेक्षण खात्याने हे उत्तर समुद्राकडूनच घेतले. कराची, मुंबईचे अपोलो बंदर, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट या नऊ ठिकाणी भरती-ओहोटीच्या दीर्घकाळ नोंदी झाल्या. त्यांची सरासरी पातळी शून्य मानून १९०९ साली देशभरच्या उंचीचे गणित जुळवण्यात आले. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची जी उंची लिहिलेली असते, ती याच परंपरेतली. (नऊही ठिकाणी समुद्र एकाच पातळीवर असतो, हे त्यातले गृहीत पुढे चुकीचे ठरले!) मालवण मुंबई आणि कारवार यांच्या मध्ये पडते, त्या शून्यात इथल्या भरतीचा वाटा नाही.

मग आपल्या किनाऱ्यावर घराचे भवितव्य कोणता कागद ठरवतो? १९ फेब्रुवारी १९९१ ची सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या. त्यांत मोजले जाते ते भरतीरेषेपासूनचे आडवे अंतर. नियमन ५०० मीटरपर्यंत. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर बहुतेक नव्या बांधकामास बंद. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी हे अंतर ५० मीटरवर आले.

२०११ च्या अधिसूचनेत एक वेगळा विचार डोकावला होता. लाटा, भरती, समुद्रपातळीतील वाढ आणि किनाऱ्याची हालचाल लक्षात घेऊन 'धोकारेषा' आखायची होती. २०१९ मध्ये ती आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनापुरती उरली, बांधकामाच्या परवानगीशी तिचा संबंध राहिला नाही. मला हा निर्णय खटकतो. भरतीरेषा सरासरी वर्षाची गोष्ट सांगते, वादळाच्या रात्रीची नाही.

आपल्याकडच्या गृहविम्यात पूर आणि वादळ येतात. २०२१ पासूनची 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी त्याचे उदाहरण. पण जोत्याच्या उंचीचा दाखला मागण्याची रीत इथे रुळलेली नाही. आणि जुन्या कोकणी गवंड्याने आधी पाहिले ते जोतेच.

माझे आजोळ याच पट्टीतले. जांभ्याचे जोते, पाच पायऱ्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा पाणी तिसऱ्या पायरीवर थांबले, असे आजी सांगते. शेजारच्या नव्या घराच्या जोत्याला दोनच पायऱ्या. तिथे पाणी माजघरात शिरले, तांदळाची पोती भिजली. भरतीरेषेपासून दोन्ही घरांचे अंतर एकच आहे.