टाळेबंदीतली गोळी

मंडळी, २५ मार्च २०२०ला देश बंद झाला. एसटी बंद, लोकल बंद. एचआयव्हीची एआरटी गोळी मात्र रोज हवीच. वारंवार खंड पडला तर विषाणू औषधाला दाद देत नाही.

ही औषधं सरकारने १ एप्रिल २००४ला आठ केंद्रांतून फुकट द्यायला सुरुवात केली. पुढे केंद्रं वाढली, पण खेड्यातून तिथवर जायला एसटीच लागते. आणि नाक्यावर पोलिसाने अडवलं तर कारण काय सांगणार?

नॅकोने तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्यायला सांगितलं. त्या अनेकांच्या घरी पोचवल्या स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या गटांनी, शेजाऱ्यांना पत्ता लागू न देता. तपासण्या मात्र त्या वर्षी घटल्या.

ही माणसं कुणाचं दार कसं वाजवायचं ते आधीपासून जाणून होती. असलं नेटवर्क ऐनवेळी उभं करता येत नाही बरं का!