नासासंधान करणारा पुण्याजवळील कुंभार : वऱ्हाडांतील दप्तरसंग्राहकांस एक विचारणा

शस्त्रवैद्य पारखावा कसा, हा प्रश्न रोग्यापुढें सर्वकाळीं असतोच. परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढें तो निराळ्या रूपानें येतो. शेंदोनशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या माणसानें आपलें तोंड ज्याच्या शस्त्राखालीं दिलें, त्याची निवड त्यानें कशावरून केली, आणि ती निवड योग्य ठरली कीं नाहीं, हें उपलब्ध साधनांवरून कितपत सांगतां येतें ? तुटलेलें नाक पुन्हां बसविण्याच्या विद्येस आपल्याकडे नासासंधान म्हणतात. त्या विद्येचें एक उदाहरण महाराष्ट्रांत घडलेलें असून तें जगभर गाजलें आहे. पुण्याजवळच्या एका कुंभाराचें हें उदाहरण आम्ही येथें तपासणार आहों. बुलढाणा जिल्ह्यांतील दप्तरसंग्राहकांचा त्याशीं संबंध काय, तें शेवटीं निवेदन करूं.

मुख्य साधन म्हणजे लंडन येथील 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत छापलेलें एक पत्र. लेखकानें आपलें नांव न देतां बी. एल्. एवढीं आद्याक्षरेंच घातलीं आहेत. पत्राचा आशय असा : शेतकरी जातीचा एक मराठा, नांव 'कावसजी', इंग्रजी फौजेंत बैल हांकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या कैदेंत सांपडला, तेव्हां टिपूनें त्याचें नाक व एक हात तोडविला. त्या स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला, आणि पुढें त्यास कंपनीकडून पेन्शन मिळूं लागलें. बारा महिन्यांहून अधिक काळ तो नाकावांचून राहिला. नंतर पुण्याजवळच्या, वीट करणाऱ्या जातीच्या एका माणसानें त्यास नवें नाक लावून दिलें. पत्रासोबतचें चित्र ज्या तसबिरीवरून कोरलें, ती जानेवारी १७९४ मध्यें, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनीं, काढलेली आहे. चित्रकार जेम्स वेल्स. पुणें दरबारचा इंग्रज वकील सर चार्लस मॅलेट याच्या आश्रयानें जो सवाई माधवरावांच्या काळीं पुण्यांत होता, तोच हा.

पत्रांतील कालगणना तपासून पाहतां ती जमते. जानेवारी १७९४ मधून दहा महिने मागें गेलें म्हणजे शस्त्रक्रियेचा काळ मार्च १७९३ च्या सुमारास येतो; त्यामागें बारा महिन्यांहून कांहीं अधिक गेलें म्हणजे नाक तुटल्याचा काळ १७९२ चा आरंभ किंवा त्याच्या थोडा अलीकडेपलीकडे पडतो. मुंबईची फौज श्रीरंगपट्टणाशीं कॉर्नवॉलिसला मिळाली ती फेब्रुवारी १७९२ मध्यें, आणि टिपूशीं तह झाला तो मार्चमध्यें. तेव्हां पत्रलेखकाची माहिती निदान कालाच्या दृष्टीनें विश्वसनीय आहे. ज्यांस मराठी कागदांत शोध घ्यावयाचा असेल त्यांनीं शके १७१३ ते १७१५ हीं सालें डोळ्यांपुढें ठेवावीं.

नांवाची गोष्ट मात्र सरळ नाहीं. 'कावसजी' हें नांव पारश्यांत रूढ आहे. पण पत्र तर त्यास स्पष्टपणें शेतकरी जातीचा मराठा म्हणतें. बैल हांकणारा कुणबी आणि नांव पारशी, हा मेळ कसा बसावा ? आम्हांस वाटतें कीं, मूळ नांव 'कावजी' असावें. हें नांव मराठ्यांत जुनें असून शिवकालांतील कावजी कोंढाळकराचें नांव वाचकांच्या परिचयाचें आहेच. मुंबईच्या इंग्रजांच्या कानास पारशी नांवें रोजचीं. त्यांनीं कावजीचा कावसजी केला असल्यास नवल नाहीं. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. परंतु उलट बाजूस, पारशी म्हणून त्याची जी कोठें कोठें गणना होते तिला नांवापलीकडे आधार नाहीं, हेंहि लक्षांत ठेवलें पाहिजे.

ज्यानें नाक लावलें त्याचें तर नांवच नाहीं. पत्रांत केवळ जात आहे. मागाहूनच्या पुष्कळ लेखांत त्यास 'कुमार' असें नांव दिलेलें आढळतें. तें नांव नसून 'कुंभार' या जातिवाचक शब्दाचीच ती मोडतोड होय, असें आमचें मत आहे. विटा पाडणें व भाजणें हा कुंभाराच्या धंद्याचाच भाग असल्यामुळें 'वीट करणारा' म्हणजे कुंभार, हा अर्थ घेण्यास अडचण नाहीं. येथें एक विषमता मनास लागते. मुंबईकडील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या ज्या दोघां इंग्रज वैद्यांनीं ही क्रिया केवळ पाहिली, त्यांचीं नांवें राहिलीं. ज्यानें चित्र काढलें त्याचें राहिलें. मॅलेटच्याच पदरीं चित्रें काढणाऱ्या गंगाराम तांबटाचेंहि नांव राहिलें, तेव्हां एतद्देशीय कारागिराचें नांव टिपण्याची त्या मंडळींस संवयच नव्हती असेंहि म्हणवत नाहीं. ज्याच्या हातानें नाक जडलें, तोच तेवढा निनांवी राहिला.

आतां त्याची कृति. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवून चांगल्या नाकाचा आकार तयार करावयाचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेनें रेघ मारावयाची. रेघेच्या आंतील कातडें सोडवून घ्यावयाचें. मात्र दोन भुवयांच्या मध्यें एक अरुंद पट्टी न तोडतां ठेवावयाची. या पट्टीवाटे रक्त चालूं राहतें, म्हणून नवें कातडें मरत नाहीं. सगळ्या क्रियेचें मर्म येथें आहे. नंतर थोट्यावरील जुना वण खरवडून काढून त्याच्या मागें, नाकपुड्यांभोंवतीं व वरच्या ओठापर्यंत, एक चीर द्यावयाची. कपाळाचें कातडें अर्धा पीळ देऊन खालीं आणून त्याची कड त्या चिरेंत बसवावयाची. वरून पाण्यांत भिजविलेला कात लावलेल्या कापडाच्या पांचसहा पट्ट्या एकीवर एक ठेवावयाच्या. टांका नाहीं, कातानेंच सांधा धरावयाचा. चार दिवसांनीं पट्ट्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं ठेवावयाचीं. पांचसहा दिवस रोग्यानें उताणें निजावयाचें. दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालावयाचे, कीं छिद्रें बुजूं नयेत. सुमारें पंचविसाव्या दिवशीं भुवयांमधील पट्टी तोडावयाची व नाकास थोडें कोरून डौल द्यावयाचा.

मेणाचा साचा, सपाट केलेल्या पत्र्यावरून कातड्याचें माप, आणि शेवटीं डौल देणें, हे कुंभाराच्या हाताचेच संस्कार आहेत. ही विद्या त्या जातींत कां राहिली, याचें एक कारण आम्हांस यांत दिसतें. घडलेली वस्तु भाजतांना आकसते, हें ज्यास ठाऊक त्यास कातडेंहि आकसतें हें समजण्यास वेळ लागत नसावा.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळाव्या अध्यायांत नासासंधान सांगितलें आहे, हें सर्वश्रुत आहे. तथापि दोन्ही कृति शेजारीं ठेवून पाहिल्या तर भेद मोठा आहे. सुश्रुत माप घेतो तें झाडाच्या पानानें, कुंभार घेतो तें मेणानें. सुश्रुत कातडें गालाचें घेतो, कुंभार कपाळाचें. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतहि गालच आहे. सुश्रुत वर पतंग, ज्येष्ठमध व रसांजन यांचें चूर्ण टाकतो व कापूस ठेवून तिळाचें तेल शिंपडतो; कुंभार कात व तूप वापरतो. तेव्हां हा कुंभार पोथी वाचून शिकला असें म्हणतां येत नाहीं. संहितेची विद्या व कारागिरांची विद्या हे दोन निरनिराळे प्रवाह असून, कपाळाच्या कातड्याची रीत ही दुसऱ्या प्रवाहाची कमाई होय, असें आम्ही म्हणतों. संहितेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं या कमाईचें श्रेय कुंभाराकडून काढून घेऊं नये.

ही रीत दक्षिणेंत पुण्याच्या उदाहरणापूर्वीं शंभर वर्षें तरी होती, याला व्हेनिसकर मनुची याचा आधार आहे. औरंगजेबाच्या विजापूरवरील स्वारींत गवतलांकडासाठीं बाहेर पडलेल्या मोगली लोकांचीं नाकें विजापूरकर कापीत, व त्या देशचे शस्त्रवैद्य भुवयांच्या वरचें कातडें सोडवून, पीळ देऊन, नाकावर बसवीत, असें तो लिहितो. अशीं नाकें आपण पुष्कळ पाहिलीं व त्यांच्या भुवयांमध्यें पिळाची खूण राही, हेंहि त्यानें नोंदविलें आहे.

ही खूणच आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर देते. सुश्रुतानें वैद्य कसा असावा हें सांगितलेंच आहे : शास्त्र शिकलेला, प्रत्यक्ष कर्म पाहिलेला व केलेला, राजाची अनुज्ञा मिळालेला. दुध्याभोपळ्यावर, मांसाच्या मऊ पेशींवर, कमळाच्या देंठावर हात बसविण्याची तालीमहि तो सांगतो. आणि शास्त्र व कर्म यांपैकीं एकच जाणणारा वैद्य त्याच्या मतें एका पंखाच्या पक्ष्यासारखा असतो. परंतु बैल हांकणाऱ्या कावजीस ही कसोटी कोण सांगणार ? त्याच्यापुढें एकच कसोटी होती : या माणसानें लावलेलीं नाकें कोठें आहेत, तीं डोळ्यांनीं पाहावयाचीं. अशीं नाकें बाजारांत फिरत असत, व भुवयांमधला वण हीच त्यांची मोहोर. दुसरी कसोटी श्वासाची. सुश्रुत नाकांत दोन नळ्या घालावयास सांगतो, कुंभार बोळे घालतो, आणि श्वासोच्छ्वासासाठीं आंत कांहीं ठेवीत हें मनुचीनेंहि पाहिलें आहे. नुसतें दिसण्याचें नाक करणारा व श्वास घेण्याचें नाक करणारा, हा भेद आमच्या जुन्या कारागिरांस पक्का ठाऊक होता.

यशाचें प्रमाण काय, याविषयीं दोन साक्षी किंचित् निराळ्या पडतात. पत्रलेखक म्हणतो, ही क्रिया बहुधा सिद्धीस जाते. पुढें लंडनचा शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू यानें मॅलेटला पत्र लिहून विचारलें, तेव्हां त्यानें कळविलें कीं, ही क्रिया हिंदुस्थानांत फार प्राचीन काळापासून चालत आली आहे, ती कुंभार किंवा वीट करणाऱ्यांची जातच करते, आणि ती बहुधा साधते, पण दरवेळीं साधतेच असें नाहीं. मॅलेटची साक्ष आम्ही अधिक वजनदार मानतों. अपयश कबूल करणारा साक्षीदार हा केव्हांहि बरा. कार्प्यूनें स्वतः प्रेतांवर हात बसवून घेतला, २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं पहिली क्रिया केली, आणि दोन रोग्यांचा वृत्तान्त १८१६ मध्यें छापला. युरोपांत ताल्याकोत्सी यानें १५९७ मध्यें दंडाच्या कातड्याची रीत प्रसिद्ध केली होती, पण ती मागें पडलेली होती. यानंतर तेथें ही विद्या पुन्हां चालू झाली, ती पुण्याच्या रीतीनें.

नांव न राहिलेल्या कुंभारासमोर जुनागडच्या डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांस ठेवून पाहावें. काठेवाडांत मकराणी दरोडेखोर नाकें कापीत, त्या काळीं त्यांनीं अशा रोग्यांवर उपचार केले व शंभर रोग्यांचा वृत्तान्त १८८९ मध्यें छापून ठेविला. येथें निवड करणाऱ्यास डोळ्यांनीं पाहण्याबरोबर कागदहि मिळाला. आज रोगी वैद्यकीय परिषदेंतील नोंद पाहूं शकतो, पूर्वींच्या रोग्यांचीं आधींचीं व नंतरचीं छायाचित्रें मागूं शकतो. पण वांकडा पडदा सरळ करून श्वास मोकळा करणारा नाक-कान-घशाचा शस्त्रवैद्य व रूप सुधारणारा प्लास्टिक सर्जन, यांपैकीं कोणाकडे जावें, आणि एकास दुसऱ्याचें काम कितपत येतें, हें त्यास विचारावेंच लागतें. प्रश्न कावजीचाच आहे.

आतां बुलढाण्याविषयीं. १७९० ते १७९२ च्या त्या युद्धांत पेशवे व इंग्रज यांच्या बाजूनें निजामहि होता, आणि वऱ्हाडांत त्या वेळीं निजाम व नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल चाले. इंग्रजी फौजेस धान्य पुरविणारे वंजारी तांडेहि त्या मोहिमेंत होते. तेव्हां अंगविच्छेद होऊन परतलेलीं माणसें केवळ पुणें प्रांतींच आलीं असतील असें नाहीं. शिवाय साखरखेर्ड्याची १७२४ ची लढाई याच जिल्ह्यांतली. जखमींचे उपचार, त्यांना दिलेलें अन्न व इनाम, यांच्या नोंदी लढायांच्या मागून येतातच.

म्हणून सिंदखेड, देऊळगांवराजा, मेहकर, मलकापूर या बाजूस देशमुख, देशपांडे व कुळकर्णी घराण्यांचे रुमाल ज्यांच्यापाशीं आहेत, त्यांनीं पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावें : बलुत्याच्या यादींत कुंभारास मडक्यांखेरीज दुसऱ्या कामाबद्दल कांहीं दिल्याची नोंद, जखमी लोकांच्या खर्चांत कात, मेण, तूप व फडकीं एकत्र आलेला जमाखर्च, अंगच्छेदाच्या शिक्षेच्या कागदांत पुढें उपचाराची परवानगी, आणि वैद्यकाच्या बाडांत नासासंधानाची कृति, विशेषतः गालाऐवजीं कपाळाचें कातडें सांगणारी. शेवटची मिळाल्यास तिचें मोल फार आहे. कारण कारागिराची रीत लेखांत उतरल्याचा तो पुरावा ठरेल. एक सूचना मेहकरकरांस : शार्ङ्गधर हें नांव बाडावर दिसल्यास घाई करूं नये. शार्ङ्गधरसंहितेचा कर्ता वैद्य निराळा, आणि मेहकरचा शार्ङ्गधर म्हणजे शार्ङ्ग धनुष्य धारण करणारा विष्णु. देवस्थानच्या हिशेबाचीं बाडें व वैद्यकाचीं बाडें या नांवामुळें एकत्र बांधलेलीं असूं शकतात.

नक्कल करितांना मूळांतील शब्द जसेच्या तसे ठेवावे, मोडी अक्षर लागत नसेल तेथें जागा मोकळी सोडावी, व कागदावर साल नसल्यास कारकुनाचें वळण व शिक्के यांचें वर्णन सोबत द्यावें. कुंभाराचें नांव कोठें निघालें, तर तें प्रथम कळवावें.