‘फॉरेस्ट’ म्हणजे जंगलच का? रोजच्या वापरातल्या शब्दाची गोष्ट

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात एखाद्या उघड्या माळाकडे बोट दाखवून “ही जमीन फॉरेस्टची आहे” असं सांगितलं जातं. तिथे झाडं नसतात, असते ती नागली किंवा वरई. मग हे फॉरेस्ट कसं? शब्दाचा इतिहास पाहिला तर हा वापर अजिबात चुकीचा नाही.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये ‘फोरिस’ म्हणजे बाहेर. त्यावरून ‘फॉरेस्टिस सिल्वा’, म्हणजे बाहेरचं रान, असा शब्दप्रयोग तयार झाला असं बहुतेक अभ्यासक मानतात. ‘फॉरेन’ हा शब्दही याच मुळातून आला. युरोपातले फ्रँक राजे स्वतःच्या शिकारीसाठी राखलेल्या रानाला हा शब्द वापरत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला.

इंग्लंडमध्ये फॉरेस्ट म्हणजे राजाचा वनकायदा लागू असलेला प्रदेश. त्यात माळरान, दलदल, शेतं, अगदी गावंही येत. हरीण मारणं किंवा लाकूड तोडणं हा तिथे गुन्हा होता. लोकांच्या तक्रारी वाढल्यावर 1217 मध्ये ‘चार्टर ऑफ द फॉरेस्ट’ निघाला. त्यात चराईसारखे हक्क मान्य झाले आणि हरीण मारल्याबद्दलची देहदंडाची शिक्षा रद्द झाली. ‘डिफॉरेस्ट’ याचाही जुना अर्थ झाडं तोडणं नव्हे, तर जमीन या कायद्यातून मोकळी करणं असा होता.

आणि ‘जंगल’?

हा शब्द उलट दिशेने गेला. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. अठराव्या शतकात तो ‘जंगल’ म्हणून इंग्रजीत गेला आणि पुढे घनदाट रानासाठी रूढ झाला.

मराठीत ‘फॉरेस्ट’चे तीन अर्थ

- झाडांनी भरलेलं रान
- वनखातं आणि त्याचे कर्मचारी: “फॉरेस्टवाले आले होते”
- सरकारी दप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीन

शेतकऱ्याचं भवितव्य ठरतं ते तिसऱ्या अर्थावर.

कायद्यात काय झालं?

ब्रिटिशांच्या 1878 च्या कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे प्रकार पाडले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात राबासाठी फांद्या तोडण्यावरून शेतकरी आणि वनखात्यात वाद पेटला. आजही लागू असलेल्या 1927 च्या भारतीय वन कायद्यात ‘फॉरेस्ट’ची व्याख्याच नाही. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 1980 च्या वन संवर्धन कायद्यासाठी शब्दकोशातला अर्थ धरावाच, पण सरकारी नोंदीत वन असलेली जमीनही फॉरेस्ट मानावी, मालकी कोणाचीही असो.

2006 च्या वनहक्क कायद्यानेही वनजमिनीची व्याख्या झाडांवरून केली नाही. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष ताब्यातल्या, जास्तीत जास्त 4 हेक्टर जमिनीवर हक्क मागता येतो. विवाहित असल्यास तो पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवला जातो. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. कागद नसतील तर गावातल्या जाणत्यांचे लेखी जबाब, जुने बांध, विहिरी हेही पुरावे ठरतात. दाव्यावर निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते.

जव्हार तालुक्यात वावर नावाचं एक गाव आहे. मराठीत ‘वावर’ म्हणजे शेत. इथल्या वारली, कोकणा, कातकरी कुटुंबांसाठी हाच मुद्दा आहे: पिढ्यान्‌पिढ्या ज्याला आपण वावर म्हणतो, ते सरकारी नोंदीत ‘फॉरेस्ट’ आहे का? असेल, तर नुसतं “इथे झाडं कुठे आहेत?” असं विचारून भागत नाही. कसवणूक जुनी आहे हे दाखवावं लागतं.